निशाणी ३१

१९९७ साली माझ्या एका खटल्यात पुरावा म्हणून कॅसेट आली. नव्वद मिनिटांची, साधी, वरच्या कागदावर निळ्या शाईत नवऱ्याच्या अक्षरात ‘तुझ्यासाठी’ एवढंच. घटस्फोटाचा अर्ज बायकोचा होता, कारण क्रूरतेचं, आणि मी नवऱ्याची वकील. समोरच्यांनी कागदयादीसोबत पत्रं, टेलिफोनची बिलं आणि ही कॅसेट हजर केली. तिला निशाणी ३१ पडली. त्यांचं म्हणणं असं : जाबदार कंपनीच्या कामानं लंडनला गेला आणि लग्नाला सहा महिने व्हायच्या आत त्यानं अर्जदाराला असली गाणी भरून पाठवली. एका गाण्यात बाई म्हणते, माझं सगळं सुकून गेलं. एकात कुणीतरी तान्ह्या बाळाला सांगतंय की बाबा रे, मोठं व्हावं असं इथे काही नाही. मधे दारुडे आहेत, भिकारीण आहे. सबब जाबदाराला ह्या संसारात पहिल्यापासूनच रस नव्हता आणि हा अर्जदाराचा मानसिक छळ होय.

‘सबब’ हा शब्द आमच्या धंद्यात फार राबतो. त्याच्या आधी काहीही लिहा, पुढे हवं ते सिद्ध होतं.

मला जी प्रत मिळाली ती समोरच्या वकिलांनी घरातल्या कुठल्यातरी जुन्या कॅसेटवर भरली होती. त्यामुळे शेवटचं गाणं संपलं की दोन सेकंद खरखर व्हायची आणि गणपतीची आरती मधूनच सुरू व्हायची. रात्री जेवणं झाल्यावर कानाला वॉकमन लावून मी ती कॅसेट कैफियत लिहिण्यासाठी ऐकायला घेतली. इंग्रजी गाण्यांशी माझा तोवरचा संबंध इस्लामपूरला वाढलेल्या मुलीचा असतो तेवढाच, म्हणजे क्लिफ रिचर्डचं नाव माहीत. त्या आठवड्यात ती बाजू मी नऊ-दहा वेळा ऐकली. कैफियतीला दोनदा पुरली असती.

आज हे लिहायचं कारण व्हॉट्सअ‍ॅप. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या अशिलांच्या फोनमध्ये एक नवा पुरावा असतो : स्टेटसचा स्क्रीनशॉट. ‘मॅडम, बघा, आमचं भांडण झालं त्या रात्री तिनं हे गाणं ठेवलं होतं.’ समोरचीही तेच सांगते, गाणं दुसरं. आणि हे फक्त अशिलांचं नाही. कुणी गायिकेनं नवं गाणं काढलं की पेपरांच्या पुरवण्या ते कुणाला उद्देशून आहे ह्याचा तपास लावतात. गाण्यातली ‘मी’ म्हणजे गाणाऱ्या बाईनं दिलेला जबाब, असं आपण धरून चालतो. हे मला चूक वाटतं, आणि ते चूक का हे मला निशाणी ३१ नं शिकवलं.

कॅसेटवर रिचर्ड आणि लिंडा थॉम्पसन ह्या इंग्लिश नवरा-बायकोचा पहिला अल्बम होता, ‘आय वॉन्ट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’. दहा गाणी, पस्तीस-चाळीस मिनिटं. बाजारात आला एप्रिल १९७४ मध्ये. सगळी गाणी रिचर्डनं लिहिलेली. निम्म्याहून अधिक लिंडाच्या आवाजात.

दोघं कोण, हे थोडक्यात सांगते. रिचर्ड लंडनचा, स्कॉटलंड यार्डमधल्या पोलिसाचा मुलगा. १९६७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यानं मित्रांबरोबर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाचा बँड सुरू केला. सुरुवातीला ही पोरं अमेरिकन गाणी वाजवत. पुढे त्यांनी आपल्याच देशातली दोन-तीनशे वर्षांची जुनी गाणी घेतली आणि त्यांना इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स जोडले. इंग्लिश फोक-रॉक म्हणतात ते मुख्यतः इथून. लिंडाचा जन्म लंडनचा पण ती वाढली ग्लासगोत. फोक क्लबांत गायची आणि पोटासाठी जाहिरातींच्या जिंगल्स. ऑक्टोबर १९७२ मध्ये दोघांचं लग्न झालं. अल्बम ध्वनिमुद्रित झाला मे १९७३ मध्ये, लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत. ती इमारत पूर्वी दुधाची डेअरी होती. खर्च अडीच हजार पौंडांच्या आसपास. रिचर्ड चोवीस वर्षांचा, लिंडा पंचवीस.

ह्या तारखा मी मुद्दाम देते आहे. कौटुंबिक वादात माणसं भावना सांगतात, वकिलानं तारखा मागायच्या असतात.

आता गाणी. पहिल्या गाण्यात माणूस सगळं टाकून सरहद्दीकडे निघालाय. ती सरहद्द देशाची की देहाची, हे गाणं सांगत नाही. शब्द संपल्यावर मात्र वाद्यं एकमेकांना चिमटे काढायला लागतात : गिटार एक ओळ म्हणते, तीच कॉन्सर्टिना उचलते, मग क्रमहॉर्न नावाचं मध्ययुगीन वाद्य नाकात बोलल्यासारखं उत्तर देतं. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरायचा भात्याचा डबा. आपल्या पेटीची लांबची बहीण, पण स्वभावानं तिरकी. ह्या जातीच्या कॉन्सर्टिनात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. ह्या अल्बमवर ती जॉन कर्कपॅट्रिक वाजवतो. मला इंग्रजी कळण्याआधी हे वाजवणं कळलं.

दुसऱ्या गाण्यात, ‘द कॅल्व्हरी क्रॉस’मध्ये, रिचर्डची गिटार आधी एकटीच येते. त्याच्या घरी बापाच्या बाजूनं स्कॉटलंड, त्यामुळे बॅगपाइप कानावर. बॅगपाइपमध्ये एक सूर खाली अखंड चालू असतो आणि धून त्याच्यावर फिरते. गिटारवर त्यानं हीच सवय आणली. तंबोऱ्यावर कान पोसलेल्या माणसाला म्हणूनच ही गिटार परकी वाटत नाही. जाझवाले, ब्लूजवाले जिथे सूर बदलत पुढे पळतात तिथे हा एका जागी बसून खणतो. पुढे मंचावर हे गाणं तो दहा-दहा मिनिटांच्या पुढे नेऊ लागला; अल्बमवर चारेक मिनिटांत आटपलंय, आणि तेच मला जास्त आवडतं.

मग शीर्षकगीत. आठवडाभर राबलेली पोरगी शनिवारी संध्याकाळी मित्राला म्हणते आहे, मला शहरात ने, दिवे बघायचेत. एवढंच. आणि मागे एकदम ब्रास बँड उठतो! मी वॉकमन बंद करून उठून बसले, कारण ब्रास म्हटलं की माझ्या डोक्यात वरात. लाल कोट, पेट्रोमॅक्स डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि पुढे नाचणारा नवरदेवाचा मामा. हे साम्य हवेतलं नाही. आपल्याकडे लग्नाला वाजणारा बँड इंग्रजी पलटणींच्या बँडवरूनच आला. तिकडे तो कोळशाच्या खाणींत आणि गिरण्यांत रुजला, इकडे वरातीत. ह्या गाण्यातला बँड मँचेस्टरचा, सीडब्ल्यूएस सिल्व्हर बँड. सीडब्ल्यूएस म्हणजे तिथली सहकारी घाऊक संस्था, १८६३ ची. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सहकारी साखर कारखाना, सहकारी बँक, सहकारी दूध संघ सगळं माहीत. सहकारी बँडबाजा मात्र राहूनच गेला आपल्याकडे.

तर बँड इतका उत्साहात, आणि लिंडा गाते कशी? सरळ. मुरकी नाही, कंप नाही, आवाज कुठे लाडात येत नाही. मजा करायला निघालेली मुलगी आणि आवाजात मजेचा लवलेश नाही. सोमवार कुठे जात नाही हे तिला माहीत आहे, एवढंच त्या आवाजातून कळतं. शब्दांत सोमवारचं नाव आहे, हे ओझं नाही. हे लिहिणाऱ्यानं घातलेलं नाही, गाणारीनं घातलंय. अल्बमवर सगळीकडे लेखक म्हणून रिचर्डचं नाव आहे, ते बरोबरच आहे. पण हे गाणं त्यानं स्वतः गायलं असतं तर शनिवार रात्रीचं एक चांगलं नाचाचं गाणं झालं असतं, बास.

आणखी एका गाण्याचं सांगते. ‘हॅज ही गॉट अ फ्रेंड फॉर मी’. दिसायला बेतास बात असलेली मुलगी मैत्रिणीला विचारते, तुझ्या त्या मित्राला कुणी मित्र आहे का गं, माझ्यासाठी? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. चोवीस वर्षांच्या पुरुषाला हे कसं ठाऊक? लग्नकार्यात भिंतीला टेकून उभं राहायचं आणि कुणी बोलायला आलं नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून साडीचा पदर पुन्हा पुन्हा नीट करायचा, हे ज्यानं केलेलं नाही त्यानं हे लिहावंच कसं! राग दोन-तीन दिवस टिकला. मग लक्षात आलं की मी स्वतः दहा वर्षं हेच करते आहे.

‘मी, अर्जदार, वय वर्षे २६, धंदा घरकाम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...’ ही ‘मी’ माझी असते. म्हणजे लिहिते मी, आणि ती असते तिची. मी अविवाहित असताना विवाहितेची ‘मी’ लिहिली आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचीही लिहिली आहे, चांगली लिहिली आहे. खरंतर कौटुंबिक न्यायालयात वकील हक्कानं उभा राहत नाही. १९८४ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की तिथे पक्षकारानंच बोलावं, वकील न्यायालयाच्या परवानगीनं. कायद्याला वाटतं, माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला की खरं बोलेल. माझा अनुभव तसा नाही. पण फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. प्रतिज्ञापत्राच्या खाली सत्यापन असतं : वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि सही. गाण्याखाली सत्यापन नसतं.

कैफियतीत मी लिहिलं : सदर कॅसेटमधील गाणी जाबदाराने रचलेली अथवा गायलेली नाहीत, ती १९७४ सालची आहेत, त्या वेळी जाबदार चार वर्षांचा होता. टायपिस्ट हसला. पण समोरच्यांचा मुद्दा तेवढ्यानं मरत नव्हता. ते म्हणणार, लिहिली नसतील, निवडली तर त्याने.

मग मी अशिलालाच विचारलं, एवढ्या गाण्यांतून हीच का? तो म्हणाला, ‘तिथे एकटा होतो. मला वाटलं ह्या जगात मला सापडलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, ती तिला पाठवावी.’ हे न्यायालयात सांगण्यासारखं नव्हतं. तिथे सुंदर गोष्टीला पुराव्याची किंमत नाही. पण त्यानं दुसरी एक गोष्ट सांगितली. ‘मॅडम, ह्या दोघांचाही पुढे घटस्फोट झाला. आणि त्यावर अख्खा अल्बम आहे म्हणतात.’

तो अल्बम म्हणजे ‘शूट आउट द लाइट्स’, १९८२ चा. पहिल्याच्या नावात दिवे बघायचे होते, शेवटच्याच्या नावात दिवे गोळीनं फोडायचे आहेत, मधे आठ वर्षं. असा योग पत्रकारांना मिळाला की ते सोडतात होय! मुखपृष्ठावर रिचर्ड एका ओक्याबोक्या खोलीच्या कोपऱ्यात उघड्या बल्बखाली बसलाय आणि लिंडा नुसती भिंतीवरच्या फोटोत. गाणी काय, तर दिलेला शब्द मोडू नकोस, तारेवरून चाललेय. त्याच वर्षी दोघं अमेरिकेत दौऱ्यावर गेले तेव्हा लग्न मोडलेलं होतं, आणि मंचावरच्या लाथाबुक्क्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं १९८९ मध्ये त्या दशकातल्या शंभर अल्बमांची यादी केली, त्यात हा नववा. त्याची ओळख कायमची ठरली : काडीमोडाचा अल्बम.

आता तारखा मागू. ह्यातली बहुतेक गाणी १९८० मध्येच तयार होती. ‘बेकर स्ट्रीट’ गाण्यानं नाव मिळवलेल्या जेरी रॅफर्टीनं त्या वर्षी पदरचे पैसे घालून ती एकदा ध्वनिमुद्रित करून घेतली होती. रिचर्डला त्याची पद्धत पसंत पडली नाही, आणि कुठल्याही कंपनीनं ती घेतली नाहीत. मग निर्माता जो बॉईडनं नोव्हेंबर १९८१ मध्ये तीच गाणी लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत काही दिवसांत पुन्हा मुद्रित केली. तेव्हा लिंडा गरोदर होती आणि तिला श्वास पुरत नव्हता. ज्या आवाजाच्या तुटण्यात लोकांना मोडलेला संसार ऐकू आला, त्यात थोडा वाटा पोटातल्या मुलाचाही होता! लग्न मोडलं त्यानंतर. म्हणजे गाणी आधी, घटना मागून. ह्या क्रमाला आमच्याकडे पुरावा म्हणत नाहीत, पश्चातबुद्धी म्हणतात.

आणि ती तार. ‘वॉकिंग ऑन अ वायर’ हे ह्या काडीमोडाच्या खटल्यातलं मुख्य कागदपत्र मानलं जातं. पण पहिल्या अल्बमच्या अगदी शेवटी, १९७३ च्या मे महिन्यात मुद्रित झालेलं ‘द ग्रेट व्हॅलेरिओ’ काय आहे? दोरीवर चालणारा डोंबारी आणि खाली माना वर करून बघणारे लोक. फक्त गिटार आणि लिंडा. गाणं संपताना गिटार एरिक साती ह्या फ्रेंच संगीतकाराच्या एका छोट्या धुनेत शिरते आणि तिथेच थांबते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि दोरी बांधलेली होती. दोरी ह्या माणसाच्या डोक्यात होती, घरात नव्हे. सगळ्यात काळोखी गाणी त्यानं नव्या नवलाईत लिहिली.

उलटतपासणीत मला दोन प्रश्न विचारले जातील, ते मीच विचारून घेते.

पहिला : मग एवढा काळोख आला कुठून? १२ मे १९६९ ला पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना, एम-वन महामार्गावर फेअरपोर्टची गाडी उलटली. ड्रम वाजवणारा मार्टिन लॅम्बल गेला, एकोणीस वर्षांचा. रिचर्डची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. विशीतल्या मुलानं ते पाहिलं. ह्याचा गाण्यांशी संबंध नाही असं म्हणायला मी काही दगड नाही. पण त्यानं अपघातावर गाण्यांचा संच लिहिला नाही. उरलेली मंडळी हॅम्पशरमधल्या एका घरात जाऊन राहिली आणि त्या उन्हाळ्यात जुनी लोकगीतं बसवली. तो ‘लीज अँड लीफ’ अल्बम डिसेंबर १९६९ चा. त्यात ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ आहे. सरदाराची बायको गावातल्या पोराला घरी नेते, सरदार परततो, दोघांना मारतो. फेअरपोर्टची गायिका सँडी डेनीनं ते गायलं. तिच्या घरी काय चाललंय असं कुणी तिला विचारलं नाही, कारण ते गाणं कुणाचंच नव्हतं. बुडालेला खलाशी, फसवलेली मुलगी, फासावर चढणारा चोर, सगळे त्या परंपरेत ‘मी’ म्हणूनच बोलतात. रिचर्ड लिहायला शिकला तो ह्या शाळेत. त्यानं नवी गाणी जुन्या गाण्यांच्या व्याकरणात लिहिली, आणि ती ऐकणाऱ्यांनी वर्तमानपत्राच्या व्याकरणात वाचली.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण साक्षीदार खुद्द लिंडा. तिनंच पुढे सांगितलंय की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हतं, ते त्या रेकॉर्डवर आलं. ह्यावर मी काय म्हणणार? एवढंच, की जगून झाल्यावर माणूस आपली जुनी गाणी स्वतःच नव्यानं ऐकतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका लग्नाचा अल्बम उघडून म्हणतात, ‘बघा, ह्या फोटोत मी तेव्हाच हसत नाहीये.’ फोटोत बाई हसत असते. मी वाद घालत नाही. लिंडाशीही घालणार नाही, त्या संसारात ती होती, मी नव्हते. पण गाणं साक्षीला आलं ते मागाहून.

उजेडाचीही एक गंमत आहे. अल्बम १९७३ मध्ये तयार होता, मग पुढच्या एप्रिलपर्यंत थांबला का? त्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, तेल आटलं, आणि रेकॉर्ड तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकची असते. कंपन्यांकडे माल नव्हता. त्यात खाण कामगारांचा संप. १९७४ च्या जानेवारी ते मार्च इंग्लंडमध्ये कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळत होती, दुकानं मेणबत्त्यांवर चालत होती, डिसेंबरात टीव्ही रात्री साडेदहाला बंद होत होता. ह्या अंधारातून देश बाहेर येतो न येतो तोच बाजारात रेकॉर्ड येते : मला झगमगते दिवे बघायचेत. कुणीही शपथेवर सांगेल की हे त्या हिवाळ्यावरचं गाणं आहे. तारीख म्हणते, नाही. चपखल बसणं आणि खरं असणं ह्यांत फरक असतो, हे मी ज्युनियरना ह्याच उदाहरणानं सांगते. त्यांना गाणं माहीत नसतं, पण फरक कळतो.

मराठी माणसाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. सातशे वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनी विराण्या लिहिल्या, विरहानं व्याकूळ झालेल्या बाईच्या तोंडच्या. त्या हृदयनाथ मंगेशकरांनी बांधल्या आणि लताबाईंनी गायल्या. त्यातली ‘मी’ कोण? आपण कधी विचारलं नाही, आणि ऐकताना कुठे अडलंही नाही. लिंडा-रिचर्डच्या बाबतीत मात्र उलट झालं. १९७४ च्या सुमारास दोघं सूफी पंथात गेले, मुसलमान झाले. १९७५ च्या ‘पोअर डाउन लाइक सिल्व्हर’वरची काही गाणी सूफी अर्थानं ईश्वराला उद्देशून आहेत, तिकडची मंडळी ती प्रियकराची म्हणून ऐकतात. लावणीचंही तेच, शाहीर पुरुष, ‘मी’ बाईची. पण आमच्या शेजारच्या रेठऱ्याच्या पठ्ठे बापूरावांचं नाव काढा, निम्मी माणसं त्यांची लावणी सांगत नाहीत, त्यांच्या तमाशातल्या पवळाची गोष्ट सांगतात. म्हणजे आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही.

१९८२ नंतर लिंडाचा आवाज गेला. स्पॅस्मॉडिक डिस्फोनिया, स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आखडतात. अधूनमधून थोडा परत आला, २००२ पासून तिनं मोजके अल्बमही केले, पण पुढे गाणं उरलं नाही. २०२४ मध्ये तिचा नवा अल्बम आला : ‘प्रॉक्सी म्युझिक’. त्यात ती गात नाही. गाणी तिनं लिहिली आहेत, काही मुलगा टेडीबरोबर, आणि गातात दुसरे : तिची मुलं, रूफस वेनराइट, प्रोक्लेमर्स. मुखपृष्ठावर ती १९७२ च्या ‘रॉक्सी म्युझिक’च्या मुखपृष्ठावरल्या मॉडेलची नक्कल करून, पंचाहत्तरी ओलांडलेली, मजेत पसरली आहे. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. चोवीस वर्षांच्या नवऱ्याची ‘मी’ जिनं गायली, तिची ‘मी’ आता पुरुषसुद्धा गातात. वकालतनामा उलटा झाला. मी तो अल्बम वकील कक्षात फोनवर ऐकला, आणि मला तिथे बसून मोठ्यानं हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, तडजोड झाली वाटतं?

निशाणी ३१ चं पुढे काही झालं नाही. तो पुरावा वाचण्याची, म्हणजे ऐकण्याची, वेळच आली नाही. समुपदेशकांकडे चार-पाच बैठका झाल्या आणि दोघांनी परस्परसंमतीचा अर्ज दिला, मग सहा महिने थांबणं. त्यांच्यात खरं काय बिघडलं होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गाण्यांमुळे तर नक्कीच नव्हतं. हुकूम झाला त्या दिवशी माझा अशील सही करून लगेच गेला, त्याला विमान होतं. ती बाहेर बाकावर बसून राहिली होती. मी फाईल बांधत होते. समोरच्या पक्षकारानं आपल्याशी बोलू नये असा संकेत असतो, पण खटला संपला होता.

‘मॅडम, ती कॅसेट तुम्ही सगळी ऐकलीत?’

‘ऐकली.’

‘माझं इंग्लिश तेव्हा बेताचं होतं. ते शेवटचं गाणं, दोरीवरच्या माणसाचं. तो पडतो का हो शेवटी?’

मी आठवून पाहिलं. साती, मग खरखर, मग आरती.

‘गाण्यात नाही पडत.’

तिनं मान हलवली. शिपायानं आतून पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला, आणि मला जावं लागलं.